चिपवरचा आमच्या वाट्याचा कोपरा

“अबे, चिप आहे का अकोल्याचा हायवे? अर्धं कर त्याले!” माझे पीएच.डी.चे गाइड असे ओरडले की वलगावच्या म्हशी दचकल्या असतील. ज्याची लहर उभी डोलते तो प्रकाश एका वाटेनं, आडवी डोलते तो दुसऱ्या वाटेनं धाडणारा माझा दुभाजक अनेक कॉलेजांत वाटलेल्या चिपवर आमच्या वाट्याच्या कोपऱ्यात मावेना, अन् आराखडा संध्याकाळी चिप बनवणाऱ्या कारखान्याकडे जायचा होता. ही वेळ हुकली तर वर्षभर थांबा. मी लांबी कापली, की दोन्ही प्रकाश एकाच वाटेला लागायचे. माझ्या घामानं अमरावतीची पाणीटंचाई मिटली असती. शेवटी प्रकाश वाहणाऱ्या मधल्या पट्टीला बारीक खाचा दिल्या, अन् कॉम्प्युटरवर जमलं. मी नाचतच केबिनमध्ये घुसलो.

“सर, मावलं!”

“कारखान्यात खाच जराशी रुंद पडली तर काय होते, ते पाहिलं?”

“नाही, सर.”

“मंग पाहून ये.”