घरचा रस्ता माहीत असलेला माणूस

डिसेंबरात सहामाही परीक्षा संपली की आमच्या शाळेत एक दिवस अभ्यासाला सुट्टी असे. त्या वर्षी वर्गात नुकताच मोठा पडदा बसवला होता, म्हणून प्राचार्याबाईंनी बारावीच्या मुलींना सिनेमा दाखवायची परवानगी दिली. मुलींनी निवडला तो उडणाऱ्या, भिंती फोडणाऱ्या नायकाचा, हिंदीत डब केलेला. मी त्यांना हिंदी शिकवत असे. झाशीत आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. घरात मराठी, बाहेर सगळं हिंदी.

सिनेमातला खलनायक आकाशातून उतरला, शहर बेचिराख करायची धमकी देऊ लागला, आणि मुली हसायला लागल्या. तो जितका ओरडे तितक्या त्या जास्त हसत. शेवटी इमारती कोसळत होत्या तेव्हा मागच्या बाकांवर शेंगदाणे वाटणं चाललं होतं. मला गंमत वाटली. मी गृहपाठ दिला : हा खलनायक कुठे कमी पडला, एक पानभर लिहून आणा.

निबंध चांगले आले. एकीने लिहिलं, तो नायकाला बांधून ठेवतो आणि स्वतःचा सगळा बेत सांगत बसतो. दुसरीने लिहिलं, त्याला अख्खी दुनिया संपवायची आहे, पण अख्ख्या दुनियेसाठी जीव घाबरत नाही. आपल्या ओळखीच्या एकीचं काही होणार असेल तर घाबरतो. ते वाचून मी थांबले. मग चिरगाँवहून रोज बसने येणाऱ्या मुलीची वही उघडली. शांत मुलगी, कधी हात वर न करणारी. तिने लिहिलं होतं :

‘खरा खलनायक ओरडत नाही. तो “जेवलीस का” असं विचारतो. त्याला नायिकेच्या घरचा रस्ता माहीत असतो, तिचा पेपर कधी आहे ते माहीत असतं, तिच्या खोलीतला दिवा कधी विझतो तेही. तो कुणाच्या डोळ्यांवर येईल असं काही करत नाही. सगळे त्याला भला माणूस म्हणतात, म्हणून तिने सांगितलं तर तीच खोटी ठरेल. या सिनेमातल्याला सगळे पहिल्या दिवसापासून वाईटच म्हणतात. मग त्याला भ्यायचं कशाला?’

मला वाटलं, काय कल्पनाशक्ती आहे पोरीची. मी तो निबंध वर्गात मोठ्याने वाचला. शाबासकी दिली. ती मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, लाजते आहे. वीस वर्षं शिकवून मला एवढंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सोमवारी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. मधल्या सुट्टीत मी तिला रिकाम्या वर्गात बोलावलं.

“बरं नव्हतं का?”

ती बाकाच्या कडेवर नख घासत राहिली. मग म्हणाली, “मॅडमजी, तुम्ही ते वाचायला नको होतं. आमच्या बसमध्ये आपल्या वर्गातली आणखी एक मुलगी असते. तिने सगळ्या बसला सांगितलं. त्यांनी ऐकलं.”

“कुणी?”

मग तिने सांगितलं. पन्नाशीचा माणूस, मानिक चौकातल्या एका कापडाच्या दुकानात नोकरी, राहायला चिरगाँवलाच. सगळी बस त्याला चाचाजी म्हणे. दिवाळीपासून तो रोज स्वतःच्या शेजारच्या जागेवर रुमाल टाकून तिच्यासाठी जागा धरत होता. ती दुसरीकडे बसायला गेली की बायकाच म्हणत, अगं चाचाजींनी जागा ठेवली आहे ना. त्याने तिला कधी बोट लावलं नव्हतं. फक्त विचारायचा. काल अकरापर्यंत जागी होतीस का? आज हिरवी ओढणी का नाही घेतलीस?

“बाबांना सांगितलंस?”

“बाबाच म्हणतात, ते बसमध्ये असतात म्हणून मला काळजी नाही.” ती म्हणाली, “त्याच संध्याकाळी बसमध्ये चाचाजींनी मला विचारलं, कोणत्या मॅडमनी वाचला तुझा निबंध? मी नाव सांगितलं नाही. त्या दुसरीने सांगितलं.”

मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, मी बघते. काय बघणार होते ते मलाच माहीत नव्हतं.

ओरछा गेटच्या आत आमचं दोन खोल्यांचं घर. संध्याकाळी पोचले तर आई पडवीत बसून मेथी निवडत होती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता.

“अगं, दुपारी एक गृहस्थ येऊन गेले,” ती म्हणाली. “तुझ्या शाळेतल्या मुलीचे कुणी काका लागतात म्हणे. फार सभ्य. पाणी प्यायले, माझ्या डोळ्याची चौकशी केली. तू किती वाजता येतेस, रिक्षाने की पायी, विचारत होते.”

“तू सांगितलंस?”

“सांगितलं. त्यात काय आहे?”

त्यात काही नव्हतं, हेच वाईट होतं. पोलीस चौकीत जाऊन मी काय लिहून देणार होते? एका सभ्य माणसाने माझ्या आईची विचारपूस केली? मी दाराची कडी लावली, मग उठून पुन्हा तपासली. आईने विचारलं, काय झालं गं. मी काही नाही म्हटलं, आणि त्या मुलीने इतके दिवस हेच उत्तर दिलं असणार हे माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर चिरगाँवच्या बसमध्ये चढले. खिडकीजवळच्या जोड-आसनावर रुमाल होता. शेजारी बसलेला माणूस उठून उभा राहिला. पांढरा सदरा, हसरा चेहरा, कपाळावर गंध.

“आइए मॅडमजी, आप दोनों बैठिए. माताजी की आँख अब कैसी है?”

मी बसले. मुलीला खिडकीशी घेतलं. तो आमच्या शेजारी दांडीला धरून उभा राहिला, सगळा रस्ता. एकदा कुणा बाईचं पोर रडायला लागलं तर त्याने खिशातून गोळी काढून दिली. मला क्षणभर वाटलं, आपण उगीच एका भल्या माणसावर संशय घेतो आहोत. तेवढ्यात तो जरा वाकून, अगदी मायेने म्हणाला, “निबंध बहुत अच्छा था. बिटिया सब ध्यान से देखती है.” माझ्या शेजारी मुलीने दप्तर छातीशी ओढून घेतलं.

तिच्या घरी मी आईवडिलांना सगळं सांगितलं. वडील म्हणाले, “मॅडमजी, तुमचा काही गैरसमज होतोय. त्यांना मी पंधरा वर्षं ओळखतो.” आई चुलीपाशी होती. तिने मुलीला एकच विचारलं, “कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

तिने पीठ झाकून ठेवलं, हात धुतले आणि म्हणाली, “उद्यापासून मी जाते बरोबर.”

दुसऱ्या दिवशी तिने तो रुमाल उचलून भर बसमध्ये त्याच्या हातात दिला. बस त्याच्या बाजूने झाली. कंडक्टर म्हणाला, या बाईचं डोकं फिरलंय. चाचाजी मात्र कुणालाच काही बोलू देईना. जाऊ द्या, आईचं काळीज आहे, म्हणाला. आठवड्याने मायलेकींनी त्याच्याआधीची, सकाळी सातची बस धरली. तिसऱ्या दिवशी तोही सातच्या बसमध्ये होता. ते दुकान दहाला उघडतं. त्या दिवशी वडीलही बरोबर होते. त्यांनी त्याला विचारलं, इतक्या सकाळी कुठे? तो हसला, आणि पहिल्यांदाच त्याला पटकन उत्तर सुचलं नाही. वडील उठून त्याच्या आणि मुलीच्या मधे उभे राहिले, असं तिच्या आईने मला सांगितलं.

मुलीने बोर्डाची परीक्षा झाशीत मावशीकडे राहून दिली. त्या माणसाला काही झालं नाही. तो अजून बसने येतो-जातो, लोक चाचाजीच म्हणतात. वर्षभर मी शाळेतून घरी रोज वेगळ्या गल्लीने गेले. आईला कारण सांगितल्यावर तिने अनोळखी माणसाला पाणी द्यायचं बंद केलं. तिला ते फार जड गेलं.

पास झाल्यावर मुलगी पेढे घेऊन आली. पुढे शिकायला ग्वाल्हेरला चालली होती. मी तिची माफी मागितली, विचारल्याशिवाय वाचल्याबद्दल.

“वाचलं नसतं तर कुणाला कळलं असतं?” ती म्हणाली. मग चहाचा कप उचलत, “पण मॅडमजी, आधी मला विचारायला हवं होतं.”

मी हो म्हटलं. ती चहा पिऊन उठली, माझ्या आईच्या पाया पडली आणि उजेड असतानाच निघाली.