फ्लोरीची किळसवाणी जनावरं

फ्लोरी गेल्याची बातमी मला एका कमळाच्या चित्राबरोबर मिळाली. रिचमंड हिलच्या ग्रोसरी दुकानाबाहेर मी गाडीत पिशव्या ठेवत होते. फोन वाजला. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर अ‍ॅडमिन सुधीररावांनी लिहिलं होतं, ‘अत्यंत दुःखद. आपल्या सर्वांच्या लाडक्या, सदा हसतमुख फ्लोरीताई आपल्याला सोडून गेल्या.’ खाली कमळ, पणती, जोडलेले हात. पिशव्या ठेवून होईपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांगच लागली. तिचा मुलगा एडविन याचा फोन येऊन गेला होता, तो मी नंतर पाहिला. मला रडू आलं नाही. किळस आली. या लाडक्या फ्लोरीताईला याच सुधीररावांनी वर्षभरापूर्वी याच ग्रुपमधून काढून टाकलं होतं, आणि तेव्हा यातला एकही हात हलला नव्हता. माझाही नाही… हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भली बाई समजायला नको.

फ्लोरी वसईकडची. नवरा गेल्यावर मुलाकडे कॅनडात आली, त्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये राहायला लागली आणि महिन्याभरात कामाला लागली. मी ठाण्याची. वॉनमधल्या एका वेअरहाऊसमध्ये आम्ही दोघी शेजारीशेजारी उभ्या राहून खोक्यांवर लेबलं चिकटवायचो. बाकी सगळ्यांशी हिंदीत बोलून बोलून आमची जीभ वाकडी झालेली, त्यामुळे पहिल्याच दिवशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मराठी ना तू? देव पावला. आता मला शिव्या तरी नीट देता येतील.” ती माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी होती, पण मी तिला ताई म्हटलेलं तिला चालायचं नाही. ताई म्हटलं की शहाण्यासारखं वागावं लागतं, म्हणायची.

एका नाताळला एडविनने तिला टॅब आणून दिला. प्रार्थना ऐकेल, वसईच्या बहिणीशी बोलेल, असा त्याचा हिशोब. फ्लोरी त्यावर कोळंबीची कुठलीशी रेसिपी शोधायला गेली आणि तिला भलतीच कोळंबी सापडली. समुद्रातली, मोरासारख्या रंगांची, आणि एका बुक्कीत खेकड्याचं कवच फोडणारी. दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये तिने डबा उघडलाच नाही. “अगं विद्या, पन्नास वर्षं मी समुद्राकाठी राहिले, मासे साफ करून करून हाताचा वास गेला नाही, आणि हे मला कुणी सांगितलंच नाही!” तिचा चेहरा असा झाला होता, जणू घरात एक जास्तीची खोली आहे हे तिला आत्ताच कळलं होतं.

मग ती थांबलीच नाही. रोज एक नवीन जनावर. अंगावर केस नसलेला, दोन दात बाहेर आलेला गुलाबी उंदीर. कुणी तोंडात धरलं की बादलीभर शेंबूड सोडून पळणारा मासा. मी पोळीभाजी खात असताना ती तो शेंबूड माझ्या नाकासमोर धरायची. “ई, फ्लोरी, बंद कर ते,” मी म्हणायचे. ती म्हणायची, “काय डोकं लावलंय बघ देवाने. सुपरवायझर ओरडायला आला की आपल्याला असं काही करता आलं असतं तर?” एक फतकल घातल्यासारखा, रडक्या तोंडाचा मासा होता, त्याची सगळं जग टर उडवतं. तिने शोधून काढलं की खोल पाण्यात तो चांगला माशासारखा मासा असतो, वर ओढून आणला की दाब गेल्याने त्याचा असा लगदा होतो. “लगदा झाल्यावर फोटो काढायचे आणि हसायचं. मलासुद्धा वसईत बघायला हवं होतंस,” असं म्हणून ती इतकी हसली की तिला वॉशरूमला पळावं लागलं.

जनावरांवरून ती चित्रांवर गेली. युरोपातल्या जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या कडेला काढलेली चित्रं तिला सापडली. चिलखत घालून गोगलगायीशी लढणारे शिलेदार, माणसाचं तोंड असलेली मांजरं. ती मांजरं पाहून ती डोळे पुसत म्हणायची, “ह्या बाबाने मांजर कधी पाहिलेलंच नाही गं. कुणीतरी पत्र लिहून कळवलं असणार.” कॅनडातल्याच विंडसरला मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेली एक मॉरीन नावाची बाई लोकरीची विचित्र जनावरं विणते आणि त्यांचे फोटो टाकते, असंही फ्लोरी सांगायची. मला वाटायचं, मोडक्या इंग्रजीत ही काय बोलणार तिच्याशी. मी विचारलंही नाही.

आमच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाब यायचे. गुलाब, सूर्योदय, चहाचा कप, आणि खाली ‘नाती मोत्यांसारखी असतात’ छापाचं काहीतरी. ते बघून मला किळस यायची नाही, ही केवढी गंमत. त्या गुलाबांत फ्लोरी आपली जनावरं सोडायची. कुणी लिहायचं, ‘कृपया, इथे शाकाहारी सदस्य आहेत.’ कुणी लिहायचं, ‘मुलं फोन बघतात.’ मग मे महिन्यात मदर्स डे आला. फुलांचा आणि पदराखालच्या बाळांचा पूर आला होता, आणि मध्येच फ्लोरीने एक बेडकी टाकली. तिच्या पाठीच्या कातड्यात अंडी रुतलेली असतात आणि कातडं फाडून पिल्लं बाहेर येतात. खाली फ्लोरीने लिहिलं होतं, ‘खरी आई ही. आपण नुसतंच म्हणतो, मुलांनी पाठीची सालं काढली.’

खोटं कशाला सांगू, ते चित्र भयंकरच होतं. पण मी हसले होते. क्लिनिकमध्ये हसले होते, एकटी, मोठ्याने. तोवर वेअरहाऊस सोडून मी दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला लागले होते. पाच मिनिटांत सुधीररावांनी लिहिलं, ‘हा फॅमिली ग्रुप आहे. मातृत्वाची अशी विटंबना खपवून घेतली जाणार नाही.’ आणि फ्लोरीला काढलं. लगेच पाच-सहा अंगठे वर. मी लिहायला घेतलं, ‘अहो, गंमत होती ती,’ आणि पुसून टाकलं. सुधीररावांच्या बायकोने माझ्या मुलीला को-ऑपसाठी, म्हणजे शिकता शिकता करायच्या नोकरीसाठी, कुठेतरी चिकटवायचं कबूल केलं होतं. एवढंच कारण. इतक्या स्वस्तात गेले मी.

फ्लोरीने मला फोन केला. “मी कुणाला वाईट बोलले का गं?” तिने विचारलं. मी म्हटलं, “जाऊ दे ना, लोकांना कळत नाही.” ती म्हणाली, “मग मी तुलाच पाठवत जाईन.” आणि पाठवत गेली. रोज. सप्टेंबरपर्यंत मी बघत होते, मग मुलीची कॉलेजची धावपळ, क्लिनिकमधली गर्दी… मी तिच्या मेसेजांचा आवाज बंद केला. आठवड्यातून एकदा, ग्रोसरीच्या लाइनीत उभी असताना तिचं नाव उघडायचे, वर काय आहे न बघता तळाला एक अंगठा टाकायचे आणि बंद करायचे. भांड्यावरून ओला हात फिरवून घासलं म्हणावं, तसं.

फेब्रुवारीत फ्लोरीच्या चर्चमधल्या कुणाकडून तरी कळलं की ती हॉस्पिटलमध्ये आहे. पोटाचा कॅन्सर. मी सूप घेऊन धावले. एडविन तिथे होता. तो गोंधळून म्हणाला, “बट मॉम टेक्स्टेड यू, आंटी. इन नोव्हेंबर.” मी सूपचं झाकण उघडायला लागले. फ्लोरी उशीवरून म्हणाली, “नाही रे, मी कुणालाच टाकलं नव्हतं. लिहिलं असेल, पाठवायचं राहिलं.” मग मला म्हणाली, “बस. सूप नको, वासाने होतंय मला. हे बघ.” अपॉइंटमेंटच्या कागदांच्या पाठीवर तिने बॉलपेनने जनावरं काढली होती, वाईट काढली होती, त्या पोथीतल्या मांजरांसारखी. एकाच्या गळ्यात सलाइनची नळी होती. मी पुष्कळदा गेले त्यानंतर. तिची बेडपॅन बदलली, उलटीची पिशवी धरली. त्याची मला किळस आली नाही. लोकांनी मला शाबासकी दिली, तेव्हा आली.

मेमध्ये ती गेली. तिच्यासाठीची प्रार्थना, मिसा, झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता आणि सुधीरराव बोलायला उभे राहिले. “फ्लोरीताईंच्या गमतीदार पोस्टनी आपली प्रत्येक सकाळ उजळायची,” ते म्हणाले, आणि पडद्यावर त्यांनी केलेला स्लाइड शो लागला. फ्लोरीचा फोटो गुलाबांच्या गोलात. मग सूर्यास्त. मग हंसांची जोडी. एकही जनावर नव्हतं. बायका डोळे टिपत होत्या, आणि शेजारची मला म्हणाली, “किती सुंदर केलंय ना?” मी म्हणाले, “घाणेरडं केलंय.” तिला ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल. मी बाहेर गाडीत जाऊन बसले आणि पहिल्यांदा फ्लोरीचे मला आलेले सगळे मेसेज वर सारत गेले, नोव्हेंबरपर्यंत. तो मेसेज होता. पाठवलेला होता. ‘रिपोर्ट आला. चांगला नाही. जमलं तर येशील का?’ त्याखाली, दुसऱ्या दिवशीचा, काचेसारख्या पारदर्शक पोटाचा एक बेडूक. आणि त्याखाली माझा अंगठा.

हॉस्पिटलमधले ते तीन महिने ती हे जाणत होती. मुलासमोर मला उघडं पडू दिलं नाही तिने.

एडविनने बेसमेंट रिकामं करताना मला टॅब दिला. “आय डोन्ट नो हाऊ टू लुक अ‍ॅट इट,” म्हणाला. त्यावर मॉरीनचे तीन मेसेज येऊन पडले होते. इतके दिवस का लिहिलं नाहीस, तब्येत बरी आहे ना. ती गेल्याचं आता मलाच तिला कळवायला हवं होतं. ‘मी फ्लोरीची मैत्रीण’ असं इंग्रजीत लिहिलं आणि तो शब्द मला बघवेना. पुसला. ‘मी तिच्याबरोबर कामाला होते. ती मे महिन्यात गेली,’ एवढंच पाठवलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘आय अ‍ॅम सो सॉरी. आर यू विद्या? द वन विद द थंब? ती सांगायची, तुला हे सगळं किळसवाणं वाटतं, तरी तू एकही चुकवत नाहीस.’

मी टॅब पालथा घातला. मॉरीनला अजून खरं सांगितलेलं नाही.

मुलीने विचारलं, “मॉम, आर यू मॅड अ‍ॅट समवन?” मी त्याच दिवशी तो ग्रुप सोडला. मोठा पराक्रम! कुणाच्या लक्षातही आलं नसेल. को-ऑपचं तर कधीच कुठे जमलं नव्हतं.

आता मी सकाळी क्लिनिकचं दार उघडण्याआधी पार्किंगमध्ये गाडीत बसते आणि जिथून आवाज बंद केला होता, तिथून एकेक मेसेज वाचते. एका दिवशी एकच. पुढचा उघडत नाही. जुलै अर्धा संपलाय, आणि मी ऑक्टोबरच्या शेवटाला पोचले आहे, पुढे तो नोव्हेंबर आहे, त्यामुळे आता हात जरा मागे राहतो. आज एक चिचुंद्रीसारखं काहीतरी होतं, नाकाच्या जागी बावीस गुलाबी बोटं, सगळी वळवळणारी. “ई,” मी म्हटलं. शेवटपर्यंत पाहिलं. खाली तिने लिहिलं होतं, ‘हा कुठचा परदेशातला नाही, आपल्याच ओंटारियोतला आहे. जमिनीखाली असतो, म्हणून आपल्याला भेटत नाही. उद्या बर्फ सांगितलाय. विंटर टायर लावलेस का?’

बाहेर तीस डिग्री होतं. गाडीची काच तापली होती.

‘लावते गं,’ मी लिहिलं, आणि पाठवलं.