सुमनमावशी आणि उशिरा उडणारा शिपाई

सुमनमावशी लहान बाळांना सुई टोचायला निघाली की आधी आमच्या घरी येऊन व्हिडिओ गेम खेळायची. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. बालाघाटच्या आमच्या गल्लीत मात्र कुणाला त्याचं नवल नव्हतं. मावशी लामता गावच्या दवाखान्यात नर्स होती आणि तिचं घर आमच्या भिंतीला लागून. दारातूनच "जय भीम" घालायची, पर्स खुर्चीवर टाकायची आणि टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायची. माझ्या कॅसेटच्या गेममध्ये एक चिमुकला शिपाई खड्ड्यांवरून उड्या मारत पळायचा. त्याला पहिली नदी पार करून दिली की मावशी उठायची. तो पडला तर पुन्हा खेळायची, मग बस चुकली तरी बेहत्तर.

"हाताले जाग आल्याबिगर लेकराले हात लावू नाही," असं तिचं म्हणणं.

तिची सुई दुखत नसे, हे खरं. बाळं रडायची ती सुई काढून झाल्यावर, तीही बहुधा रीत म्हणून. माझ्या आईला इंजेक्शनच्या नुसत्या नावाने घाम फुटायचा. पुढे मधुमेहामुळे तिला रोज इन्सुलिन घ्यावं लागू लागलं, तेव्हा निवृत्त झालेली मावशीच सकाळी येऊन टोचायची. दुसऱ्या कुणाला आई दंडाला हात लावू देत नसे. माझा जुना गेम तोवर बिघडून भंगारात गेला होता.

मग तोच गेम नव्या रूपात निघाला. मी हौसेने आणला. नदीत खरंखुरं पाणी, वाऱ्यावर हलणारं गवत. मावशी हरखून गेली. तिने बटण दाबलं. शिपाई क्षणभर उभाच राहिला, मग उडाला आणि नदीत पडला. पुढच्या वेळी पलीकडे पोचला, पण थांबेचना. घसरत जाऊन खड्ड्यात गेला.

"हा सोचते काहून?" मावशी म्हणाली. "पहिले तर माह्या मनातलं ऐके."

बराच वेळ ती खेळली. नंतर घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आलीच नाही, म्हणून मी बोलवायला गेले.

"दुसऱ्या कोणाले पाह्य, पोरी. माहा हात गेला."

"मावशी, गेमच वाईट बनवलाय. मीही पडते त्यात."

"तू तर पहिलेही पडे."

मी पडतच असे. दोष गेमचा की तिच्या वयाचा, हे माझ्या खेळण्यावरून कसं ठरवायचं?

आई स्वतः गेली. "सुमन, खड्ड्यात गेला तो गेम! तुह्या हाताची सुई लागत नाही मले."

"आता लागंन, वहिनी," मावशी म्हणाली, आणि भाजी निवडत राहिली.

शेवटी सुई मलाच शिकावी लागली. आई डोळे घट्ट मिटायची आणि मी अपराध्यासारखी टोचायचे.

काही महिन्यांनी कंपनीने गेमची दुरुस्ती पाठवली. लोकांनी बटणांबद्दल फार ओरड केली होती म्हणे. मी खेळून पाहिलं: बटण दाबलं की उडी! मावशीला अक्षरशः ओढत आणलं. पहिल्याच उडीत तिने नदी पार केली. मी टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही.

"दुरुस्त केलं, का सोपं केलं?"

"दुरुस्त केलं, मावशी."

"तुले कसं मालूम?"

मला खरंच माहीत नव्हतं. ताडून बघायला जुना गेम तर राहिला नव्हता.

तिने हात पुढे केला. "धर. कापते का?"

मी धरला. काहीतरी बारीकसं कापत होतं. तिचा हात की माझा, मला कळेना. मी "नाही" म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, हात काढून घेतला आणि घरी गेली.

त्या हिवाळ्यात मावशी वारली. तिने पुन्हा सुई धरलीच नाही. मी अजूनही गोंधळते आणि आईजवळ तेच दळण दळते: गेम खराब होता, की हात? परवा सुई टोचताना पुन्हा सुरू झाले, तेव्हा आईने डोळे उघडले.

"दुखली असती तं दुखली असती, माय," ती म्हणाली. "दुखली तरी तूच ये, असं कोणी म्हटलंच नाही तिले."