कुडापलीकडचं उत्तर

आज सकाळी मुगाची पुरचुंडी सोडली आणि मोडांचा तो ओलसर, किंचित आंबूस वास नाकात शिरला. हात तिथेच थांबले.

वैशाखरे गावच्या शाळेत मी तेव्हा नवीन शिक्षिका होते. सातवीचं विज्ञान त्या वर्षीपासून इंग्रजीतून शिकवायचं ठरलं होतं आणि इंग्रजी माझंही बेताचंच. म्हणून संध्याकाळी भाड्याच्या खोलीत मी धडा मोठ्यानं म्हणून बघायची. आठवडाभर बी रुजण्याचा तोच धडा. समोर ताटलीत मोड आलेले भाताचे दाणे, आणि रिकाम्या खोलीला प्रश्न, "व्हॉट कम्स आउट फर्स्ट?" उत्तरही माझंच, "द रूट."

मधे नुसती शेणानं सारवलेली कुडाची भिंत होती. पलीकडे घरमालकीण आक्का एकटीच राहायची. एका संध्याकाळी मी प्रश्न विचारला आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "रूट, बाई!"

मी हसत सुटले. "आक्का, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"इंग्रजी कुठलं गो बाई! रोज तुमीच इचारता नि तुमीच सांगता. दुसरं कोणी नाय बोलाया, म्हनून मी बोलले."

तेव्हा वाटलं, आक्काला माझी कीव आली. आता कळतं, तिलाही दिवसभरात कुणी काही विचारत नव्हतं.

मूग वाटीत काढता काढता मी मोठ्यानं म्हटलं, "व्हॉट कम्स आउट फर्स्ट?" शहापूरच्या या फ्लॅटची भिंत सिमेंटची आहे. तरी थोडा वेळ थांबले.