नदीकाठी उभा असलेला माणूस

अमेरिकेत लेकीकडे गेले होते, तेव्हा एका संध्याकाळी ती मला नदीकाठच्या बागेत घेऊन गेली. समोरच्या तीरावरून चंद्राकडे रॉकेटं सुटायची, तेव्हा इथे चादरी अंथरून माणसं बसायची म्हणे. "आणि आई, इथे भूतही आहे," लेक हसत म्हणाली. "दिवेलागणीला एक माणूस कठड्याशी उभा राहून आभाळाकडे बघतो."

शेजारच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. लेकीने त्यांना सहज विचारलं, "तुम्ही पाहिलंय का ते भूत?"

"लोक म्हणतात, तो माझा नवरा आहे," बाई म्हणाल्या. "पलीकडे नोकरीला होता. सुट्टी असली तरी रॉकेट बघायला इथे यायचा. आता पुष्कळांना दिसतो. मला मात्र एकदाही दिसला नाही."

लेकीने मला ते मराठीत सांगितलं, तेव्हा तिचं हसू मावळलं होतं. भुताला घाबरायचं, एवढंच मी लहानपणापासून ऐकलेलं. त्याची कुणी वाट बघत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. खरं तर आमचे हे गेल्यावर मीही कितीदा दिवा न लावता बसून राहिले होते.

मी उठून बाईंच्या शेजारी जाऊन बसले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी कठड्याकडे बघत होतो. कुणी आलं नाही.

निघताना त्यांनी माझा हात धरला आणि लेकीला म्हणाल्या, "तुमच्या आईला दिसला, तर त्याला सांगा म्हणावं, मी इथेच बसलेय."