अण्णांची खुर्ची
टाइपरायटरच्या शाईचा वास आला की साठच्या दशकातली, बंगळूरच्या कारखान्यातली आमची गारठलेली संगणकखोली आठवते. संध्याकाळी टाइप करून हुकूम द्यायचा, चालू काम पुरं होऊ द्यायचं, नोंदींच्या फिती थांबवायच्या आणि मगच यंत्र बंद करायचं. तो मान आमच्या अण्णांचा, म्हणजे मुख्य ऑपरेटरचा. त्या दिवशी त्यांच्या बायकोला, आमच्या अक्कांना, कळा सुरू झाल्याचा निरोप आला, तरी ते खुर्चीतून हलेनात. “अण्णा, तुम्ही जा, मी बंद करते,” मी म्हटलं. ते उठले, दारापर्यंत जाऊन दोनदा वळले. सकाळी आल्या आल्या त्यांनी मी टाइप केलेल्या हुकमांचा यंत्रावरचा कागद ओळ न् ओळ वाचला. “सरी आहे,” म्हणजे बरोबर आहे, असं आपल्या कानडी वळणानं म्हणाले, आणि मग हळूच, “मुलगी झाली.” हा क्रम मी अक्कांना आजवर सांगितलेला नाही.