मधल्या वडीची जागा

मी चौथीपर्यंत शिकलो. नातीच्या परीक्षेत मी तोंड घालायला नको होतं. घातलं.

नात अभ्यासासाठी माझ्याकडे लालबागला राहते. दादरचा क्लास इथून जवळ पडतो. सरकारी नोकरीची परीक्षा दोनदा हुकली होती, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची. बाकी सगळं तिला येतं. अडायची ती ठोकळ्यांवर. चित्रात चौकोनी ठोकळ्यांचा ढीग काढलेला असतो आणि एकूण किती ते सांगायचं. समोरचे दिसतात. मागचे आणि पोटातले दिसत नाहीत, ते डोक्याने धरायचे.

"आजोबा, तुम्ही जन्मभर गिरणीच्या गोदामात गासड्या रचल्यात. सांगा बघू किती?"

मी बोट फिरवत मोजले. "सव्वीस."

"सत्तावीस! तीन त्रिक नऊ, असे तीन थर."

"पुस्तक चुकलंय."

मग मी तिला समजावलं. कापडाच्या गासड्या गच्च रचल्या तर आत ऊब धरते, कापडाला बुरशी येते. म्हणून आम्ही थप्पीच्या बरोबर मध्ये एक जागा रिकामी सोडायचो आणि तिच्यावर लांब गासडी आडवी टाकायचो. बाहेरून बघणाऱ्याला थप्पी भरलेली. वरची गासडी टाकायच्या आधी त्या पोकळीत तोंड घालून बोललं की आवाज भलत्याच बाजूने यायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत गोदामात मी एकटाच होतो, तर आतून कुणीतरी खोकलं. हेही तिला सांगितलं. नको ते.

"पुस्तकातल्या ठोकळ्यांना बुरशी लागत नाही हो," ती हसली.

पुढच्या आठवड्यात हसू गेलं. सराव परीक्षेत तिचे सगळे ठोकळे चुकले. प्रत्येक उत्तर कमी.

"मोजायला घेतलं की मधला रिकामा दिसतो, आजोबा. रिकामा पण नाही. आत कुणीतरी अंग चोरून बसलंय असं वाटतं. त्याला मी कशी मोजू?"

बायको गेल्यापासून मला या खोलीत तेच वाटतं. सामानाने भरलेली खोली, पण मध्ये एक जागा आहे, तिला मी वळसा घालून जातो. कुणाला बोललो नव्हतो. आता माझं हे पोरीच्या डोक्यात शिरलं आणि तिची नोकरी घालवणार, म्हणून घाबरलो.

माळ्यावर बायकोचे साबण आहेत. कपड्यांच्या साबणाची लांब लादी आणायची, दोऱ्याने चौकोनी वड्या पाडायच्या आणि वर रचून वाळवायच्या, ही तिची रीत. वाळलेला साबण कमी झिजतो. जायच्या आधी तिने रचले तसेच ते आहेत. मी हात लावला नाही. दुकानातून दुसरा आणतो.

"चल, दाखवतो तुला," मी म्हटलं. "तुझी आजी जागा फुकट घालवणारी बाई नव्हती. तिचा ढीग गच्चच असणार, तुझ्या पुस्तकासारखा."

भर दुपार होती. तिने स्टूल धरलं, मी चढलो. खाली गल्लीत मसाला कुटणारे विजेचे डंख चालू होते, त्यांची धडधड भिंतीतून माळ्यापर्यंत येत होती. वरच्या थरातली मधली वडी शेजारच्यांना चिकटली होती. नखाने सोडवली, उचलली आणि खाली हात घातला.

खाली वडी नव्हती. वरची नुसती शेजारच्यांना धरून अधांतरी बसली होती.

गोदामातलं मी बायकोला कधी सांगितलं नाही. घरी यायचो, जेवायचो, झोपायचो. साबणाला वारा लागावा म्हणून तिने आपणहून जागा सोडली असेल. असेलही. पण गोदामातली पोकळी गार असायची. ही ऊबदार होती. कुणी नुकतंच उठून गेल्यावर अंथरूण असतं ना, तशी. डंख थांबले. बहुतेक वीज गेली. माझा हात मला बाहेर काढवेना.

"काय झालं? आहे ना खाली वडी?"

मी तोंडावर बोलणारा माणूस. बायकोच्या दिवसकार्याला "सुटली बिचारी" म्हणणाऱ्याला मी दार दाखवलं होतं. खोटं मला जमत नाही. पण परीक्षा तोंडावर होती.

"आहे गो. गच्च भरलंय."

"नक्की? हाताला लागतेय?"

"लागतंय," मी म्हटलं. आणि त्या वेळी ते मला खोटं वाटलं नाही.

वडी होती तशी बसवली आणि उतरलो. संध्याकाळी तिने सगळी चित्रं पुन्हा सोडवली, "वरचा दिसला की खालचा धरायचा, विचार नाही करायचा," असं पुटपुटत. एकही चुकलं नाही.

परीक्षेहून आली ती चपला न काढताच म्हणाली, "आले होते ठोकळे. सगळे भरलेले धरले."

निकालात तिचं नाव आहे. आता रोज मागे लागते, "आजोबा, माळा आवरूया, आजीचे साबण वापरून टाकूया, फुकट चाललेत." मी गुडघ्याचं कारण सांगतो. ती म्हणाली, मग मीच चढते. तेव्हा स्टूल शेजाऱ्यांना देऊन टाकलं. तिच्या डोक्यात ते भरलेलंच राहू दे.